घर : साक्षरतेची पहिली पाठशाळा

प्राथमिक शाळांतील पाच कोटींहून अधिक मुलांना पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त झालेले नाही, असा अंदाज राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये मांडण्यात आला. त्याच पार्श्वभूमीवर ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियानाचा प्रारंभ झाला. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचता, लिहिता व मूलभूत गणित करता यावे, हे या अभियानाचे उद्दिष्ट असून त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरविण्यात आली.

'असर' अहवालांनुसार, ग्रामीण भागातील सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर पोहोचले. ही वाढ आश्वासक आहे. तथापि, दर चार मुलांपैकी तीन मुले या टप्प्याच्या अलीकडेच आहेत. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि त्यानंतर वाचून शिकते. पहिला टप्पा निसटला की पुढील इयत्तांवरील खर्चाचा परतावा घटत जातो. म्हणूनच शाळाप्रवेशापूर्वीच्या वर्षांचा आणि पर्यायाने घराचा विचार आवश्यक ठरतो.

घटनात्मक चौकट

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तीन बदल केले. अनुच्छेद २१ क अन्वये ६ ते १४ वर्षे वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण ही राज्याच्या धोरणाची दिशा ठरली. अनुच्छेद ५१ क मध्ये ६ ते १४ वर्षे वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे अकरावे मूलभूत कर्तव्य समाविष्ट झाले. हक्क व कर्तव्य अशा प्रकारे सहाव्या वर्षापासून सुरू होतात. भाषेचा पाया मात्र त्यापूर्वीच घातला जातो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी या वयोगटासाठी कार्य करते. तरीही मुलाचा बहुतांश वेळ घरीच जातो.

वाचनाची पूर्वतयारी

वाचनाचा पाया तीन गोष्टींवर उभा असतो. पहिली गोष्ट शब्दसंपत्ती. जो शब्द मुलाने कधी ऐकलेला नाही, तो त्याने अक्षरे जुळवून उच्चारला तरी अर्थ हाती लागत नाही. धान्य निवडताना, बाजारात जाताना, गुरांना चारा घालताना वस्तूंची नावे सांगणे, 'का' आणि 'कसे' असे प्रश्न विचारणे व मुलाचे उत्तर संपेपर्यंत ऐकणे यातून शब्द वाढतात. हा संवाद घरच्या बोलीतच व्हावा. गोंडी किंवा संताळी बोलणाऱ्या घरात आजीने तिच्या बोलीत सांगितलेली गोष्ट पुढे शाळेची भाषा शिकण्यासही साहाय्यभूत ठरते.

दुसरी गोष्ट ध्वनींची जाण. 'कमळ' मध्ये किती आवाज, 'पाणी' सारखाच आरंभ असलेला दुसरा शब्द कोणता, असे खेळ, गाणी आणि उखाणे यांतून ती येते. भारतीय लिप्यांत व्यंजनाला स्वरचिन्ह जोडून अक्षर बनते. चिन्हांची संख्या मोठी असल्याने मुलाला अधिक काळ लागतो. म्हणून घाई व शिक्षा दोन्ही टाळावीत.

तिसरी गोष्ट म्हणजे लिखित मजकूर अर्थ सांगतो, ही जाणीव. बसवरील पाटी, पिठाच्या पिशवीवरील नाव, दिनदर्शिका ही विनामूल्य वाचनसामग्री होय. लेखनाचा आरंभ रेघोट्यांपासून होतो. खडूने अंगणात काढलेले चित्र, त्याखाली स्वतःचे नाव लिहिण्याचा प्रयत्न, मामाला लिहिलेले दोन शब्दांचे पत्र या साऱ्या लेखनाच्याच पायऱ्या आहेत. आरंभीच्या चुका खोडण्यापेक्षा 'तू काय लिहिलेस?' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

निरक्षर पालकांचे स्थान

'आम्हालाच वाचता येत नाही, मग मुलाला काय शिकवणार?' ही भावना अनेक घरांत आढळते. 'असर' २०२४ नुसार ग्रामीण भागात ५ ते १६ वर्षे वयाच्या मुलांच्या मातांपैकी कधीही शाळेत न गेलेल्या मातांचे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. २०१६ मध्ये ते सुमारे ४७ टक्के होते. वर उल्लेखिलेल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी पालकांना अक्षरओळख लागत नाही. चित्रांचे पुस्तक मुलाकडून 'वाचून' घेणे, मोठ्या भावंडाला धाकट्यासाठी वाचायला बसविणे हेही त्यांना शक्य आहे.

बिहार व राजस्थानमध्ये झालेल्या एका प्रयोगात मातांना साक्षरता वर्ग, घरी अभ्यासास मदत करण्याचे प्रशिक्षण, अथवा दोन्ही देण्यात आले. मुलांच्या गणितातील प्रगती निश्चित, परंतु माफक होती. मातांची स्वतःची भाषा व गणित सुधारले आणि मुलांच्या शिक्षणातील त्यांचा सहभाग वाढला. तात्पर्य, घर हे शाळेला पूरक आहे. चांगल्या शिक्षकाचा तो पर्याय नव्हे.

वेळेचे अर्थशास्त्र

घरच्या शिक्षणाला पैसा कमी लागतो, पण वेळ लागतो आणि तो समान वाटलेला नाही. २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशा कामात सहभागी पुरुष ८८ मिनिटे. अशा स्थितीत बालसाक्षरतेचे नवे दायित्व केवळ मातेवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. पित्याने दररोज पंधरा मिनिटे मुलासोबत बसणे हा शिक्षणातील अल्पतम खर्चाचा गुंतवणूक-मार्ग आहे. नळाचे पाणी आणि स्वयंपाकाचा गॅस वेळ वाचवतात. त्या अर्थाने त्याही शैक्षणिक सुविधाच होत.

धोरणाच्या दृष्टीने तीन बाबी महत्त्वाच्या आहेत : अंगणवाडीतून घरी नेता येतील अशी स्थानिक भाषांतील चित्रपुस्तके, पालकसभेत प्रत्यक्ष कृतींचे प्रात्यक्षिक आणि पित्यांचा सहभाग. अभियानाचे यश तिसरीच्या वर्गात मोजले जाते. त्याची पेरणी मात्र त्याआधी पाच-सहा वर्षे घराच्या ओसरीवर सुरू झालेली असते.