डॉक्टरांची पारख कशी करावी?



बेणे घेताना आपण मळा पाहतो, डोळा पाहतो. काणी किंवा गवताळ वाढ दिसली तर ते बेणे नको म्हणतो. घरात आजारपण आले की मात्र पहिली पाटी दिसेल त्या दवाखान्यात शिरतो. "डॉक्टर चांगला, गेल्या-गेल्या सुई मारतो, सलाईन लावतो," असे गट ऑफिसात आमच्या नेहमी कानावर येते. सुई-सलाईन ही चांगल्या उपचाराची खूण नव्हे. साध्या सर्दी-तापाला बहुधा दोन्हींची गरज नसते. तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) नोंदणी : ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय, हे पाहावे. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आले. गर्भपात करताना एक विवाहिता दगावली आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालविणाऱ्याची पदवी होमिओपॅथीची होती. नुसत्या 'डॉक्टर' या शब्दावर जाऊ नये.

२) तपासणी : डॉक्टर आधी विचारतात का? पूर्वीचे आजार, चालू गोळ्या, रक्तदाब, साखर? हात लावून तपासतात का? इंजेक्शन लागलेच तर सुई-सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली पाहिजे.

३) कागद : खताची पावती आपण मागतो, तशी औषधाची चिठ्ठी मागावी. रोग काय, औषध किती दिवस, हे त्यावर हवे. पुड्यांत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या घेऊ नयेत. उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर हाच कागद उपयोगी पडतो.

४) वेळेवर पुढे पाठविणे : उसाच्या फडात घोणस, नाग, मण्यार चावण्याचा धोका असतो. अशा वेळी चांगले डॉक्टर रोगी धरून बसत नाहीत. १०८ ची गाडी बोलावून त्याला पुढे पाठवितात. सर्पविषावरचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, हे आजच विचारून ठेवावे.

५) ऑपरेशन : तातडीचे नसेल तर दुसऱ्याचे मत घ्यावेच. बीड जिल्ह्यातून आपल्याकडे तोडीला भगिनी येतात. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे त्या जिल्ह्याची पाहणी आली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. दुसऱ्या मतासाठी साताऱ्याचे व सांगलीचे सिव्हिल हॉस्पिटल आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरे मत घेतो म्हटल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरांपेक्षा "अवश्य घ्या" म्हणणारे बरे.

विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. घरातील सर्व चिठ्ठ्या व रिपोर्ट एका पिशवीत ठेवावेत आणि फडावरच्या मजूर कुटुंबांनाही हे समजावून सांगावे, ही विनंती.