मापन-उपकरणांतील शीतक पंख्यांचा ध्वनी व त्याचे शमन

विद्युत्-मापनाच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप, संकेत-जनक, वारंवारता-मापक इत्यादी उपकरणे दिवसभर चालू ठेवावी लागतात. त्यांपैकी अनेकांच्या पाठीमागे एक लहानसा पंखा बसविलेला असतो. एकट्या पंख्याचा आवाज फारसा जाणवत नाही. परंतु एकाच मेजावर चार-पाच पंखे फिरू लागले म्हणजे काम करणाऱ्याचे अवधान ढळते. हा आवाज कमी करता येतो. मात्र उपकरणाची अचूकता व आयुष्य ही दोन्ही याच पंख्यावर अवलंबून असल्यामुळे शांततेची किंमत किती द्यावी लागेल, हे आधी जाणून घेणे अवश्य आहे.

ऑसिलोस्कोपासारख्या उपकरणास पुरविलेल्या जवळजवळ सर्व विद्युत्-शक्तीचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. १९५० च्या दशकातील टेक्ट्रॉनिक्स ५४५ या निर्वात-नलिकांच्या ऑसिलोस्कोपाला पाचशे वॅटच्या आसपास शक्ती लागे. म्हणून त्यात गाळलेली हवा पंख्याने खेळविण्याची योजना होती. आजची उपकरणे कमी शक्ती घेतात, पण त्यांच्या पेट्याही लहान झाल्या आहेत. १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर दर मिनिटास सुमारे अर्धा घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. प्रवाह निम्मा केल्यास ही वाढ दुप्पट होते.

पंख्याच्या आवाजाची कारणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण वायुजन्य होय. पात्यांवरून जाणाऱ्या हवेत भोवरे निर्माण होऊन सळसळ उत्पन्न होते. पात्यांलगत जाळी किंवा आधारदांडी असल्यास प्रत्येक पाते तिच्यापुढून जाताना हवेला धक्का बसतो व विशिष्ट स्वर ऐकू येतो. सात पात्यांचा पंखा मिनिटास २४०० फेरे करीत असेल, तर या स्वराची वारंवारता २८० हर्ट्झ असते. दुसरे कारण यांत्रिक होय. झिजलेला धारवा, म्हणजे बेअरिंग, खरखरतो. पात्यांवर धूळ असमान साचली की त्यांचा तोल जातो. तिसरे कारण पेटीचे होय. पंख्याची कंपने पातळ पत्र्यास मिळतात आणि पत्र्याची स्वाभाविक वारंवारता त्यांच्याशी जुळली, तर सबंध पेटी घुमू लागते.

म्हणून उपायांचा क्रमही याच भेदांवरून ठरवावा. प्रथम पाती व गाळणी स्वच्छ करावीत. धारवा झिजला असेल, तर तेवढ्याच वायुप्रवाहाचा व दाबाचा नवा पंखा बसवावा. पंखा व पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घातल्यास कंपनांचे संक्रमण घटते. ठोकून काढलेल्या पत्र्याच्या जाळीऐवजी तारेची जाळी लावल्यास हवेचा मार्ग मोकळा होतो. या उपायांनी शीतनात उणेपणा येत नाही. उलट ते बहुधा सुधारते.

एवढ्याने भागले नाही, तरच वेग कमी करण्याचा विचार करावा. पंख्याचा वायुप्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, त्याने निर्माण केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि ध्वनिशक्ती स्थूलमानाने पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. वेग एक-चतुर्थांशाने घटविला, तर आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो, आणि पूर्वीची १० अंशांची वाढ १३ अंशांवर जाते. लाभ मोठा व हानी लहान असे येथे दिसते खरे. पण हे गणित पेटीतील हवेच्या सरासरी तापमानाचे आहे. प्रवाहाच्या आडोशाला असलेल्या एखाद्या घटकाचे तापमान याहून बरेच अधिक चढू शकते.

१२ व्होल्ट एकदिश दाबावर चालणारा पंखा ९ व्होल्टवर ०.१ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याच्याशी एकसरीत ३० ओहमचा, एक वॅट क्षमतेचा रोधक जोडावा. सुरू होताना पंखा अधिक प्रवाह घेतो व तेवढा दाब रोधकात खर्ची पडतो. म्हणून पंखा प्रत्येक वेळी निश्चितपणे सुरू होतो की नाही, हे पुनःपुन्हा पाहावे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पंख्यांना ही रीत लावू नये. तापमानानुसार वेग बदलणारे थर्मिस्टर-नियंत्रण अधिक सुरक्षित असते.

बदलापूर्वी व बदलानंतर, पेटी बंद ठेवून आणि उपकरण तासभर चालवून, सर्वांत तप्त घटकांचे तापमान थर्मोकपलने मोजावे. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. तेव्हा हिवाळ्यातील चाचणीत खोलीच्या तापमानातील फरक मिळवूनच निष्कर्ष काढावा. विद्युत्-अपघटनी धारित्रांचे आयुष्य दर १० अंश वाढीस सुमारे निम्मे होते. तापमानाबरोबर प्रवर्धकाचा शून्यबिंदू सरकतो. यास्तव उपकरणाचे अंशशोधन पुन्हा करावे. पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. तरीही आतील धारित्रांत घातक भार शिल्लक राहू शकतो, याचे विस्मरण होऊ नये.

तात्पर्य, आवाजाचा उगम शोधून तेथेच उपाय करावा व वेग घटविणे हा शेवटचा मार्ग समजावा. पंखा शांत झाला, पण त्यामुळे मापनात चूक शिरली, तर ती चूक कानाला ऐकू येत नाही.