अडखळणारा अक्ष

बिडाच्या कास्टिंगवरून कटर फिरून गेल्यानंतर जो पृष्ठभाग मागे राहतो, तो तिरप्या उजेडात धरून पाहिला म्हणजे यंत्राच्या प्रकृतीचा पुष्कळसा खुलासा तेथेच होतो. सुस्थितीतील यंत्राने कापलेल्या पृष्ठावर हत्याराच्या खुणा सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीच्या उमटलेल्या असतात. परंतु ज्याचा एखादा अक्ष धक्के घेत चालतो, त्या यंत्राच्या कामावर मधूनमधून आडवे पट्टे दिसतात, आणि वर्तुळाकार खाच कापली असल्यास तिच्या परिघावर बरोबर चार ठिकाणी अशी एक बारीक कड उठते, की ती डोळ्यांना दिसण्याआधी नखाला कळते. कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील, पुण्याजवळच्या भोसरीतील आणि नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील औद्योगिक वसाहतींत लहानमोठ्या शेडमधून अशी सीएनसी यंत्रे दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत चालू असतात; आणि तपासणीत नापास झालेला जॉब परत आला, की अक्ष धक्के का घेतो याचा शोध सुरू होतो. या शोधाला एक क्रम आहे. तो क्रम सोडून जो मनुष्य सुरुवातीलाच ड्राइव्हचे, म्हणजे मोटरला वीज पुरवून चालवणाऱ्या यंत्रणेचे, पॅरामीटर उघडून आकडे फिरवू लागतो, त्याच्या हातून दोष बहुधा दडपला जातो, आणि काही आठवड्यांनी तोच दोष अधिक खर्चिक स्वरूपात पुढे येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीएनसी यंत्राचा प्रत्येक अक्ष हुकूम आणि तामिली यांच्यामधील अखंड हिशेबावर चालतो. कंट्रोलर ठरावीक कालांतराने, पुष्कळ यंत्रांत सेकंदाच्या हजाराव्या भागाने, टेबल या क्षणी कोठे असावयास हवे तो आकडा काढतो. सर्व्हो मोटरच्या पाठीशी बसवलेला एन्कोडर, मोटर प्रत्यक्षात किती फिरली आणि त्यावरून टेबल कोठे पोहोचले असावे, ते कळवतो. आणि या दोहोंमध्ये जी तफावत राहील तिच्या प्रमाणात मोटरला वेगाचा आदेश जातो. या फेऱ्याला लूप म्हणतात; स्थितीच्या या बाहेरच्या लूपच्या पोटात वेगाचा लूप असतो, त्याच्याही पोटात विद्युत्प्रवाहाचा, आणि जो जितका आतला तितका तो अधिक जलद असावा लागतो. तफावतीला किती जोराने प्रतिसाद द्यावयाचा हे ठरवणाऱ्या आकड्याला गेन म्हणतात. स्थितीच्या लूपचा गेन प्रतिसेकंद 50 असेल आणि टेबल मिनिटाला 6000 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 100 मिलिमीटर या वेगाने चालले असेल, तर ते हुकमाच्या 2 मिलिमीटर मागे राहते. गेन 25 वर आणला, तर 4 मिलिमीटर. शतांश मिलिमीटरच्या अचूकतेची भाषा बोलणाऱ्या यंत्रात हे अंतर ऐकून सामान्य वाचक दचकेल. वस्तुतः जोवर जोडीने चालणारे अक्ष एकसारखे मागे राहतात, तोवर सरळ रेषेचे त्यामुळे काहीच बिघडत नाही. मात्र एक्स आणि वाय या अक्षांचे गेन भिन्न असले, तर कापलेले वर्तुळ तिरपे दबून लंबवर्तुळ होते.

गेन वाढवला की अक्ष तत्पर होतो, तर मग तो वाटेल तितका का वाढवू नये, हा प्रश्न सीएनसी यंत्राच्या जन्माआधीचा आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आणला. पुढे अधिकाधिक तत्पर गव्हर्नर घडवले जाऊ लागले, तेव्हा त्यांतील काही, वेग स्थिर राखण्याऐवजी, त्याला सतत खालीवर हेलकावे देऊ लागले. हे हेलकावे केव्हा आपोआप शमतात आणि केव्हा वाढत जातात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 साली मांडले. उशिरा पोहोचलेली आणि जोराने केलेली सुधारणा चुकीला शमवीत नाही, उलट्या दिशेची नवी चूक उत्पन्न करते, हे त्यातील मर्म आहे. 1922 साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचा विचार करताना असे दाखवले, की कुशल सुकाणूधारी या क्षणाच्या चुकीबरोबर मागून साचत आलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग या दोहोंचीही दखल घेत असतो. आजच्या ड्राइव्हमध्ये पीआयडी या नावाने जे आकडे भरतात त्यांचे मूळ या विचारात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत 1952 साली छिद्रित फितीवर चालणारे संख्यानियंत्रित मिलिंग यंत्र दाखवण्यात आले, तेव्हा हा सगळा विचार कर्त्यांच्या हाताशी तयार होता.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. धक्का केव्हा, कोठे आणि कोणत्या अंतराने येतो, याची नोंद केल्याखेरीज एकाही स्क्रूला हात लावू नये. टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूची पिच, म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात टेबल सरकते ते अंतर, 10 मिलिमीटर आहे असे धरा. टेबल मिनिटाला 600 मिलिमीटर या वेगाने चालवले, तर स्क्रू सेकंदाला एक फेरा घेतो. धक्का सेकंदाला एकदा येत असेल, आणि वेग दुप्पट करताच तो सेकंदाला दोनदा येऊ लागला, म्हणजे दर 10 मिलिमीटरला एक हे प्रमाण कायम राहिले, तर दोष फिरणाऱ्या भागांत आहे: वाकलेला स्क्रू, त्याचे सपोर्ट बेअरिंग, ढिले किंवा तडा गेलेले कपलिंग, अथवा एन्कोडर. चार ध्रुवजोड्यांच्या मोटरमध्ये तोच धक्का दर अडीच मिलिमीटरला येत असेल, तर संशय मोटर आणि ड्राइव्ह यांच्या विद्युत् मेळाकडे वळवावा. याउलट वेग काहीही ठेवला तरी एकाच सुराची गुणगुण चालू राहत असेल, तर यंत्राच्या सांगाड्याची किंवा स्क्रूची नैसर्गिक कंपने वाढीव गेनमुळे जागी झाली आहेत, असे समजावे. धक्का टेबलाच्या प्रवासात नेमक्या एकाच जागी येत असेल, तर तेथील गाइडवे, म्हणजे टेबल ज्यावरून सरकते तो मार्ग, तपासावा. कारण बहुतेक कामे टेबलाच्या मधोमध होतात आणि झीजही तेथेच होते. आणि धक्का केवळ दिशा उलटताना येत असेल, तर बॅकलॅश, म्हणजे जोडांतील मोकळा खेळ, आणि घर्षण हे दोन आरोपी आधी हजर करावेत.

यांपैकी घर्षणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. जड लाकडी पेटी फरशीवरून सरकवताना ती प्रथम हलतच नाही, आणि जोर वाढवत नेला की एकाएकी वीतभर पुढे जाते. स्थिर घर्षण चल घर्षणाहून अधिक असल्याने हे होते, आणि यंत्राच्या टेबलाचेही तेच होते. याची परीक्षा साधी आहे. डायलचे चुंबकी स्टँड स्पिंडलच्या हेडवर बसवावे, टोक टेबलावरील ठोकळ्याला टेकवावे, आणि हँडव्हीलने 0.01 मिलिमीटरची एकेक पायरी द्यावी. निकोप अक्षात प्रत्येक टिचकीबरोबर काटा एकेक घर पुढे जातो. रोगी अक्षात पहिल्या टिचकीला काटा जागचा हलत नाही, दुसरीलाही हलत नाही, आणि तिसरीला तीन घरे एकदम उडी मारतो. पडद्यावरील आकडा या सर्व वेळी शिस्तीत वाढत असतो. म्हणून पडद्यावर विसंबून निदान करू नये. वर्तुळावर चार ठिकाणी उठणारी कडही याच घराण्यातील आहे; त्या चार बिंदूंवर एकेक अक्ष क्षणभर थांबून दिशा उलटतो आणि त्या थांब्यातच चिकटतो.

असे आढळले की प्रथम तेलाचा विचार करावा. स्लाइडवेसाठी मिळणारे 68 ग्रेडचे तेल आणि हायड्रॉलिकसाठी मिळणारे 68 ग्रेडचे तेल यांचा दाटपणा सारखाच. परंतु स्लाइडवेच्या तेलात धातूला धरून राहणारे आणि चिकटून सुटण्याची वृत्ती कमी करणारे घटक घातलेले असतात, ते दुसऱ्यात नसतात. खर्च वाचवण्यासाठी डबा बदलला जातो, आणि त्याचे फळ महिन्या-दोन महिन्यांनी जॉबवर दिसते. पुढे तेलाच्या नळ्या पाहाव्यात. लुब्रिकेशन पंप ठरल्या वेळी आवाज करतो, टाकीतील पातळीही उतरते, आणि तरीही एका गाइडवेपर्यंत तेल पोहोचत नाही, असे घडते. कारण प्रत्येक नळीच्या मुखाशी बसवलेले मात्रा ठरवणारे छोटे कार्ट्रिज गाळाने बुजलेले असते. बिडाचे काम करणाऱ्या शेडमध्ये तर बारीक काळा भुगा वायपरच्या फटीतून आत जातो आणि तेलात मिसळून घासणाऱ्या लेपाचे काम करतो. वायपर हा स्वस्त भाग आहे. त्याच्या हेळसांडीने गाइडवेसारखा महाग भाग जातो, हे पाहून खरोखर वाईट वाटते. जुन्या बॉक्स-वे यंत्रांत टर्साइट या कमी घर्षणाच्या प्लॅस्टिकचे अस्तर शाबूत आहे की नाही आणि गिब ही खेळ जुळवणारी पट्टी वाजवीपेक्षा आवळली आहे की काय, हेही पाहावे.

यांत्रिक बाजू निर्दोष ठरली तर विजेकडे यावे. मोटर कपलिंगपासून सोडवून एकटी फिरवावी. ती एकटी असतानाही धक्के घेत असेल, तर दोष मोटर, ड्राइव्ह किंवा केबल यांत आहे. झेड अक्षाबाबत मात्र हे करण्यापूर्वी हेडखाली भक्कम ठोकळ्यांचा आधार दिलाच पाहिजे. मोटर सुटली की हेडचे सगळे वजन खाली येते, आणि त्याखाली हात असल्यास तो वाचत नाही. त्याच अक्षाच्या मोटरमधील ब्रेक पुरता सुटत नसला तरीही चाल अडखळते आणि लोड मीटरचा काटा चढलेला दिसतो. दोन अक्षांना एकाच जातीची मोटर व ड्राइव्ह असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहता येते: धक्का सामानाबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला, तर सामान दोषी, होता तेथेच राहिला, तर अक्ष दोषी. एन्कोडरची केबल स्पिंडलच्या ड्राइव्हच्या केबलला लगटून नेली असेल, किंवा तिच्या शील्डचे अर्थिंग सुटले असेल, तर स्पिंडल चालू असतानाच धक्के येतात आणि बंद केला की थांबतात. हा पुरावा इतका स्वच्छ असतो, की दुसऱ्या साक्षीची गरज राहत नाही.

कधी कधी दोष यंत्रात नसतोच. साच्यासारखी वक्र कामे अतिसूक्ष्म रेषाखंडांत फोडलेल्या प्रोग्रामवर चालतात, आणि कंट्रोलर पुढच्या ओळी पुरेशा आधी वाचू शकला नाही, अथवा प्रत्येक खंडाच्या टोकाशी पूर्ण थांबण्याचा जी61 हा आदेश चालू राहिला, तर उत्तम यंत्रही अडखळते. तोच अक्ष एका लांब सरळ रेषेवर चालवून पाहिला, की याचा निकाल लागतो.

एवढे सारे झाल्यावरच ट्यूनिंगला हात घालावा, आणि तत्पूर्वी जुन्या सर्व पॅरामीटरची प्रत काढून ठेवावी. क्रम आतून बाहेर असा असतो. विद्युत्प्रवाहाचा लूप मोटरच्या जातीनुसार बहुधा उत्पादकानेच बसवलेला असतो; त्याला धक्का लावू नये. वेगाच्या लूपचा गेन हळूहळू वाढवत न्यावा, आणि अक्षातून गुणगुण ऐकू येऊ लागली की तेथून पुरेसे मागे यावे; एखाद्या विशिष्ट कंपनाचाच अडसर असेल, तर त्या वारंवारतेवर नॉच फिल्टर लावून थोडी अधिक मोकळीक मिळवता येते. साचलेल्या चुकीचा हिशेब ठेवणारी संज्ञा त्यानंतर वाढवावी, पण बेताने, कारण चिकटणाऱ्या अक्षात ती जास्त झाली तर थांबलेले टेबल जागच्या जागी मागेपुढे करू लागते. मग स्थितीचा गेन, आणि तो परस्परांच्या जोडीने चालणाऱ्या सर्व अक्षांना सारखा. शेवटी फीडफॉरवर्ड: तफावत पडण्याची वाट न पाहता वेगाचा हुकूम आगाऊच कळवणारी ही तजवीज मागे राहण्याचे अंतर पुष्कळ कमी करते. झिग्लर आणि निकोल्स यांनी 1942 साली प्रसिद्ध केलेली ट्यूनिंगची रीत पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र शिकवली जाते. पण तिच्यात लक्ष्य ओलांडून परत येण्याची मुभा गृहीत आहे. भट्टीच्या तापमानाला ती चालते. हत्याराने लक्ष्य ओलांडले तर धातू कापला जातो आणि तो परत जोडता येत नाही, म्हणून येथे ती रीत जशीच्या तशी लावू नये.

झालेल्या कामाची परीक्षा बॉलबारने घ्यावी. टेबल आणि स्पिंडल यांच्यामध्ये बसवलेला हा दांडा वर्तुळावर फिरत असताना त्रिज्येतील सूक्ष्म फरक टिपतो, आणि त्याच्या आलेखावर तिरपे लंबवर्तुळ आले आहे की चार बिंदूंवर टोके उठली आहेत, हे लगेच वाचता येते. ही परीक्षा दोनदा घेणे इष्ट. दुपारी यंत्र तापलेले आणि तेल पातळ झालेले असताना बेतलेला गेन जानेवारीच्या सकाळी, पहिल्या पाळीच्या पहिल्या तासात, घट्ट तेलावर तसाच वागेल असा भरवसा नसतो. म्हणून थंड यंत्रावरचा आणि तापलेल्या यंत्रावरचा असे दोन्ही आलेख, त्या दिवशीचे गेन, तेलाचे नाव व ग्रेड आणि बदललेल्या भागांची यादी यंत्राच्या नोंदवहीत एकाच पानावर लावून ठेवावी, म्हणजे पुढल्या वेळी तपास करणारा मनुष्य दुसरा असला तरी त्याला तो पहिल्यापासून करावा लागणार नाही.