प्रवेशाच्या उत्तराची वाट

अमेरिकेंत शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेल्या रोग्यास भूल देणारी व्यक्ति डॉक्टरच असेल असें नाहीं; पुष्कळदां ती परिचारिका असते. भारतांत हें काम डॉक्टरांकडेच असल्यामुळें याचें नवल वाटेल. पण तिकडे ही प्रथा जुनी आहे. मिनेसोटा संस्थानांतील मेयो बंधूंच्या रुग्णालयांत अ‍ॅलिस मॅगॉ नांवाची परिचारिका भूल देत असे. 14,000 हून अधिक रोग्यांस दिलेल्या भुलीचा वृत्तांत तिनें 1906 सालीं प्रसिद्ध केला. भुलीमुळें त्यांतील एकहि रोगी दगावला नव्हता. 1931 सालीं अशा परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि आज तेथील कित्येक लहान गांवच्या रुग्णालयांत भूल देणारें माणूस म्हणून एकटी परिचारिकाच असते.

या कामाचें शिक्षण अर्थातच सहज मिळत नाहीं. अर्ज करणारी बाई आधीं पदवीधर व नोंदणी झालेली परिचारिका असावी लागते. शिवाय अत्यवस्थ रोग्यांच्या विभागांत तिनें निदान एक वर्ष पूर्ण वेळ काम केलेलें असावें लागतें. (या धंद्यांत पुरुषहि पुष्कळ आहेत, येथें केवळ सोयीसाठीं स्त्रीलिंग योजलें आहे.) 1 जानेवारी 2022 पासून नव्यानें प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीस डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि त्यास किमान छत्तीस महिने लागतात. एवढी तयारी करून अर्ज पाठविला, मुलाखत झाली, कीं मग सुरू होते ती उत्तराची वाट. ती आठवडेच्या आठवडे, कधीं कधीं महिनेच्या महिने चालते.

जागा इतक्या थोड्या कां, असें कोणी विचारील. परिचारिकांची तर सर्वत्र वाण आहे. मग शाळांनीं वर्ग वाढवावे! पण भूल देणें हें फळ्यावर शिकवितां येत नाहीं. प्रत्येक विद्यार्थिनीनें पदवीपूर्वीं किमान 600 रोग्यांस भूल देण्यांत प्रत्यक्ष भाग घ्यावा लागतो, आणि रुग्णालयांत सुमारे 2000 तास घालवावे लागतात. त्यांत तान्हीं मुलें हवींत, बाळंतिणी हव्यात, छातीच्या व मेंदूच्या शस्त्रक्रिया हव्यात. एखाद्या शहरांत वर्षाकाठीं तान्ह्या मुलांवर शस्त्रक्रिया होऊन होऊन किती होणार? त्यांतहि भूलशास्त्र शिकणारे तरुण डॉक्टर वांटेकरी असतातच. म्हणजे वर्गांतील बाकांची संख्या ठरते ती शस्त्रक्रियागृहांतील रोग्यांवरून. दुसरी अडचण शिक्षकांची. अनुभवी परिचारिकेस शिकविण्यापेक्षां प्रत्यक्ष कामांत बराच अधिक पैसा मिळतो; तेव्हां शाळेकडे वळणाऱ्या थोड्याच.

हा प्रकार भूलशास्त्रापुरता नाहीं. अमेरिकेंतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेनें 2021 सालची जी पाहणी केली तींत पदवी व पदव्युत्तर मिळून 91,938 पात्र अर्ज नाकारले गेल्याचें आढळलें. कारणें तींच: शिक्षक, रुग्णालयांतील जागा, इमारती व पैसा यांचा तुटवडा. हा आंकडा अर्जांचा आहे, माणसांचा नव्हे, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे. कारण एकच बाई चार-पांच ठिकाणीं अर्ज करते. वाट पाहण्याचें बरेंचसें कोडें या एका गोष्टींत आहे.

असें पाहा. एका शाळेंत वीस जागा आहेत. तिनें उत्तम ठरलेल्या वीसजणींस होकार पाठविला. त्यांपैकीं सहा-सातजणींस दुसऱ्या शाळेचाहि होकार आलेला असतो. त्या कोठें जावें याचा विचार करीत बसतात. त्यांचें ठरेपर्यंत एकविसाव्या उमेदवारास शाळेनें काय कळवावें? होय म्हणवत नाहीं, नाहीं म्हणवत नाहीं. म्हणून ती गप्प राहते. उमेदवार समजते कीं आपल्या गुणांवर कोणी तरी खल करीत आहे. आणि वस्तुतः शाळा स्वतःच दुसऱ्यांच्या उत्तरांची वाट पाहत असते. त्यांतून प्रत्येक शाळेची रीत निराळी. कोठें सर्व मुलाखती संपल्यावर एकाच दिवशीं निर्णय कळवितात, कोठें अर्ज येतील तसतसे निकालांत काढतात. म्हणून मैत्रिणीस उत्तर आलें आणि आपणांस आलें नाहीं, यावरून सहसा कांहींच अनुमान निघत नाहीं. परंतु रात्रपाळीच्या मधल्या सुटींत दहा वेळां टपाल तपासणाऱ्या बाईस हें तर्कशास्त्र कोण सांगणार!

ही वाट एकांतांत पाहण्याचीहि सोय नसते. अर्जास बहुधा विभागाच्या मुख्य परिचारिकेचें शिफारसपत्र लागतें. म्हणजे ही बाई जाऊं पाहत आहे हें विभागांत पहिल्या दिवसापासून ठाऊक. मग रोज कोणी तरी विचारतें, "काय, आलें का उत्तर?" विचारणाऱ्याच्या मनांत माया असते, पण ऐकणारीस तो प्रश्न बोंचतो. घरीं तर निराळेच हिशेब. प्रवेश दूरच्या संस्थानांत मिळाला तर पतीच्या नोकरीचें काय, मुलांच्या शाळेचें काय? अभ्यासक्रम चालू असतां नोकरी करणें जवळजवळ अशक्य. म्हणजे तीन वर्षें मिळकत बंद आणि वर कर्ज. त्यांतच पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सरकारकडून मिळणाऱ्या कर्जाची एक मोठी योजना 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांस बंद करणारा कायदा 2025 च्या जुलैंत झाला, त्यामुळें हे हिशेब अधिकच अवघड झाले.

सर्वांत कठीण अवस्था मात्र एक होकार हातीं आलेलीची. दुसऱ्या पसंतीची शाळा म्हणते, अमुक दिवसांत अनामत भरा. भरलेली रक्कम परत मिळणार नाहीं. पहिल्या पसंतीची शाळा अजून मूक. भरावी तर पैसा बुडण्याचें भय, न भरावी तर दोन्हीं हातचें जाण्याचें. बहुतेकजणी भरतात, आणि तें शहाणपणाचेंच म्हटलें पाहिजे.

पुढें प्रतीक्षायादीचें चक्र फिरूं लागतें. एकीनें जागा सोडली कीं ती दुसरीस मिळते. त्या दुसरीनें अन्यत्र धरून ठेविलेली जागा तिसरीकडे जाते. वर्ग सुरू होण्यास थोडेच दिवस उरले असतां दूरध्वनि येऊन होकार मिळाल्याचीं उदाहरणें यामुळेंच घडतात, आणि तेव्हां विचारास एखादाच दिवस मिळतो. ज्यांच्यापर्यंत तें चक्र पोंचत नाहीं त्यांतील पुष्कळजणी पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज करतात. विनंती केल्यास कांहीं शाळा कोठें उणें पडलें तें थोडक्यांत कळवितात: कोणाचे रसायनशास्त्राचे गुण कमी, कोणाचा अत्यवस्थ रोग्यांचा अनुभव अपुरा. अनुभवाची उणीव तर त्या वर्षांत, त्याच विभागांत, त्याच पाळ्यांतून भरून निघते.