शेजारच्या चर्चमधलं ‘जीवनाचं पावित्र्य’

व्हर्जिनियातलं हर्नडन हे जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं गाव. डलस विमानतळाच्या कुशीत वसलेलं, आजूबाजूला सॉफ्टवेअर कंपन्यांची दाटी; साहजिकच इथं आणि शेजारच्या उपनगरांत मराठी घरं बरीच. आपल्यापैकी बहुतेकांनी मायदेशी पाहिलेला ख्रिस्ती धर्म म्हणजे वसईची चर्च, मिरजेचं मिशन हॉस्पिटल, नाहीतर कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर. इथं तोच धर्म निवडणुकीच्या पाट्यांवरून भेटतो. व्हर्जिनियात दर नोव्हेंबरला कुठली ना कुठली निवडणूक असतेच आणि ‘प्रो-लाइफ’ हा शब्द त्यात हमखास फिरतो. जानेवारीत वॉशिंग्टनला ‘मार्च फॉर लाइफ’ निघतो, १९७४ पासून. मग आपल्या मनात सरळ हिशेब बसतो : जीवनाचं पावित्र्य म्हणजे गर्भपाताला विरोध, आणि तो विरोध म्हणजे अमुक एक पक्ष. हा हिशेब निम्माही बरोबर नाही.

मूळ श्रद्धा साधी आहे. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं असं सांगितलं आहे. त्यामुळे माणसाची किंमत त्याच्या हुशारीवर, कमाईवर, तब्येतीवर किंवा कुळावर ठरत नाही. ती आधीच दिलेली आहे. आणि आयुष्य आपल्या मालकीचं नाही, आपण त्याचे विश्वस्त. बाकीचे सगळे वाद या दोन विधानांतून काय निघतं यावरचे आहेत.

‘जीव इतका पवित्र, तर हे लोक मटण कसे खातात?’

हा खास आपल्याकडचा प्रश्न. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला मुंगीचा जीव आणि माणसाचा जीव एकाच माळेत ओवलेले दिसतात. सगळे जन्म एकाच फेऱ्यातले. ख्रिस्ती विचारात पुनर्जन्म नाही आणि देवाचं प्रतिरूप फक्त माणूस. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, प्राण्यांचं मांस खायची मुभा मिळते आणि लगेच पुढच्या ओळींत माणसाचं रक्त सांडायला मनाई होते, ती त्या प्रतिरूपाचं कारण देऊन. म्हणजे हा विसंगतपणा नव्हे, मांडणीच वेगळी. ती पटावी असा आग्रह नाही. बाकी सृष्टी कशीही ओरबाडा असा तिचा अर्थ मात्र चर्च आज लावत नाही. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं परिपत्रक पर्यावरणावरच आहे, आणि वसईच्या हिरवाईसाठी भांडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याला माहीत आहेतच.

‘गर्भपाताबद्दल सगळे ख्रिस्ती एकच मानतात, आणि ते येशूच्या काळापासून’

यात दोन गैरसमज एकत्र आहेत. आधी जुनेपणाचा. गर्भपाताला ख्रिस्ती विरोध खरोखरच प्राचीन आहे. ‘डिडाखे’ या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात गर्भपात आणि तान्ह्या मुलाची हत्या दोन्ही निषिद्ध ठरवले आहेत. नकोशी बाळं उघड्यावर टाकून देण्याची रोमन रीत सर्रास चालू होती, त्या काळातली ही गोष्ट. (पुण्यात १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते काही चर्चच्या सांगण्यावरून नव्हे, तेव्हा या करुणेचा मक्ता एका धर्माकडे नाही, हेही इथंच नोंदवून ठेवू.) पण पाप मानणं वेगळं आणि खून मानणं वेगळं. ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस यांच्या मते गर्भात मानवी आत्मा पहिल्या दिवसापासून नसतो, नंतर येतो. सुरुवातीचा गर्भपातही ते पापच मानत, पण मनुष्यहत्येच्या तोडीचं नव्हे. चर्चच्या शिक्षेतला हा फरक नवव्या पायस पोपांनी १८६९ साली काढून टाकला. आजची कॅथलिक भूमिका गर्भधारणेच्या क्षणापासूनची आहे, आणि ती ठाम आहे.

आता एकमताचा. बायबलमध्ये गर्भपातावर थेट आज्ञा नाही. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारामारीत गरोदर बाईला धक्का लागल्याचा प्रसंग आहे, त्यावर ज्यू आणि ख्रिस्ती अभ्यासक आजही भांडतात. प्रॉटेस्टंट पंथांपैकी एपिस्कोपल चर्च आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट कायदेशीर गर्भपाताच्या बाजूनं उभी राहिली आहेत. आणि आज विरोधात सर्वांत पुढे असलेलं सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन? त्यांनी १९७१ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक, मानसिक व भावनिक आरोग्यासाठी गर्भपाताला मुभा देणारा ठराव केला होता. २००३ मध्ये त्याबद्दल त्यांनीच खेद व्यक्त केला. मधल्या वर्षांत बायबल बदललं नव्हतं. गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल लागला होता आणि राजकारण बदललं होतं.

आईचा जीव गेला तरी चालेल, असं कॅथलिक चर्च सांगतं, ही समजूतही अर्धवट आहे. थेट गर्भपात तिथं कधीच मान्य नाही, हे खरं. पण गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भामुळे आईच्या जिवाला धोका असेल तर ती नलिका काढायला हरकत नाही. उपचार आईचा, गर्भाचा मृत्यू हा त्याचा न टळणारा परिणाम, असा तो युक्तिवाद. बाहेरच्या माणसाला हा कीस वाटेल. मला तो कीसच वाटतो, पण त्यानं जीव वाचतो.

‘यांना फक्त पोटातल्या बाळाची काळजी, जन्मल्यावर कोण विचारतो?’

हा टोमणा अमेरिकेतले ख्रिस्तीही एकमेकांना मारतात, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. पण शिकवण तशी नाही. व्हर्जिनियाचा इतिहासच पाहा.

१९२४ साली या राज्यानं ‘मतिमंद’ ठरवलेल्या माणसांची सक्तीनं नसबंदी करण्याचा कायदा केला. शार्लट्सव्हिलची कॅरी बक ही त्याची पहिली बळी. तिच्यावर बलात्कार झाला होता, त्यातून मूल झालं, आणि तेच तिच्या कमी प्रतीचा पुरावा मानलं गेलं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं राज्याची बाजू उचलून धरली. विरोधातलं एक मत पिअर्स बटलर यांचं, त्या पीठावरचे एकमेव कॅथलिक. त्यांनी कारणं लिहिली नाहीत. पण तीनच वर्षांनी, १९३० च्या अखेरीस, अकराव्या पायस पोपांच्या परिपत्रकानं अशा नसबंदीचा निषेध केला. याउलट ‘चांगल्या’ वंशाचीच पैदास व्हावी या सुप्रजननाच्या लाटेत कित्येक सुशिक्षित प्रॉटेस्टंट पाळक उत्साहानं सामील होते. व्हर्जिनियात सुमारे ८००० जणांवर ही शस्त्रक्रिया झाली. कायदा गेला १९७४ मध्ये.

फाशीचंही तसंच. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतला पहिला मृत्युदंड व्हर्जिनियातच, जेम्सटाउनला, १६०८ साली झाला. तेव्हापासून या राज्याइतके मृत्युदंड दुसऱ्या कुठल्याच राज्यानं दिले नाहीत. २४ मार्च २०२१ रोजी व्हर्जिनियानं ही शिक्षा रद्द केली. दक्षिणेतलं हे पहिलंच राज्य. राज्यातले कॅथलिक बिशप त्यासाठी आग्रही होते, कारण २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड कुठल्याही परिस्थितीत अग्राह्य ठरवला होता. त्याआधी कित्येक शतकं चर्चनं तो मान्य केला होता, हे विसरता कामा नये. सदर्न बॅप्टिस्टांचा २००० सालचा ठराव आजही मृत्युदंडाच्या बाजूचा आहे, आणि तेही उत्पत्तीच्या त्याच नवव्या अध्यायाचा आधार घेतात! म्हणजे एकच कॅथलिक माणूस मृत्युदंडाच्या पाटीवर डेमोक्रॅट आणि गर्भपाताच्या पाटीवर रिपब्लिकन ठरू शकतो.

जन्मलेल्या माणसाच्या काळजीचा पुरावा शोधायला आपल्याला अमेरिकेत यायचीही गरज नव्हती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारलं ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनंच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुली-विधवांना केडगावला आणलं, तेव्हा जगवायला कोण लायक आणि कोण नाही याची यादी केली नव्हती.

‘मशीन काढायला ख्रिस्ती कधीच तयार होत नाहीत’

इथल्या हॉस्पिटलात आई-वडिलांना भरती केलं की अंतिम काळच्या इच्छापत्राचा फॉर्म पुढे येतो, आणि शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचं काय चाललंय याचे तर्क सुरू होतात. बाराव्या पायस पोपांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांसमोर सांगितलं होतं की साधे उपचार घेणं हे कर्तव्य, पण असाधारण उपचारांची सक्ती नाही. व्हेंटिलेटर बंद करता येतो. वेदनाशामकानं आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, हेतू वेदना शमवण्याचा असेल तर ते चालतं. मरू देणं आणि मारणं यांत चर्च फरक करतं. म्हणून नदीपलीकडे वॉशिंग्टनमध्ये २०१७ पासून जो कायदा आहे, डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधानं आयुष्य संपवण्याचा, तो कॅथलिक चर्चला मान्य नाही. खरा पेच नळीतून दिल्या जाणाऱ्या अन्नाचा. ते उपचार नव्हे, शुश्रूषा आहे आणि तत्त्वतः ते देत राहावं, असं दुसऱ्या जॉन पॉल पोपांनी २००४ मध्ये सांगितलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेतावस्थेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या परिचारिकांनी, कुठल्याही परिपत्रकाशिवाय, नेमकं तेच धरून ठेवलं होतं.

अवयवदानाला चर्चचा विरोध नाही. २००० साली दुसऱ्या जॉन पॉल पोपांनीच त्याला प्रेमाची कृती म्हटलं. आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये अंत्यविधी नाकारण्याचा नियम १९८३ च्या धर्मविधिसंहितेतून गेला. आणि हॉस्पिटलात फादर आले म्हणजे रुग्ण शेवटचे श्वास मोजतोय, हेही जुनं झालं. तैलाभ्यंगाचा तो संस्कार १९७२ पासून कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी आहे, मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही. तेव्हा शेजारच्या कॅथलिक आजोबांच्या खोलीतून फादर बाहेर पडताना दिसले, तर सांत्वनाला धावण्याआधी बायपास उद्या आहे का, एवढं विचारून घ्यावं.