श्रीमंत नेमकं कोणाला म्हणायचं? करांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्षाला एक लाख रुपयांहून जास्त उत्पन्न असलेल्या कुटुंबाला महाराष्ट्रात पांढरं रेशनकार्ड मिळतं, म्हणजे पुरवठा खात्याच्या हिशेबी ते कुटुंब खाऊनपिऊन सुखी. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ही रेषा अडीच लाखांवर जाते. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी ती आठ लाखांवर आहे, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य होतो. वर्षाला सात लाख कमावणारं एकच कुटुंब अशा रीतीने एका खिडकीवर सधन आणि दुसऱ्या खिडकीवर दुर्बल ठरतं. प्रत्येक रेषेचा हेतू वेगळा, त्यामुळे आकडे वेगळे असण्यात तसं वावगं काही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या बहुतेक सगळ्या रेषा उत्पन्नावर आखलेल्या आहेत. दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी पाच एकर जमीन आणि हजार चौरस फुटांचा फ्लॅट विचारतात, असे अपवाद थोडे. कर कोणी किती भरावा या आपल्या वादाचा घोळ इथूनच सुरू होतो. श्रीमंती आपण पगाराच्या स्लिपवर शोधतो, आणि मोठ्या श्रीमंतीचा पगाराशी फारसा संबंध नसतो.

सर्वांत पसरलेला गैरसमज स्वतःबद्दलचा आहे. पुण्यात महिना लाखभर पगार घेणारा इंजिनिअर स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतो आणि मनापासून म्हणतो. नितीन कुमार भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये भारतातल्या विषमतेचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वर्षाला साधारण २ लाख ९० हजार कमावणारी प्रौढ व्यक्ती देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत जाऊन बसत होती, आणि वरच्या एक टक्क्यात जायला सुमारे २१ लाख पुरत होते. हे अंदाज आहेत, कारण अतिश्रीमंत माणसं सरकारी पाहणीच्या हाती क्वचितच लागतात. पण नियमित पगारदारांची सरासरी कमाई महिना वीस हजारांच्या आसपास असल्याचं सरकारच्या श्रमबल पाहणीतही दिसतं, त्यामुळे चित्र फार बदलत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा की पुण्यात घरभाडं, मुलांची फी आणि दवाखाना भागवून हातात काय उरतं? आक्षेप खरा आहे. सरकारी शाळा आणि इस्पितळं चांगली नसल्याने हा माणूस एकाच सोयीसाठी दोनदा पैसे मोजतो, एकदा करातून आणि एकदा खिशातून. मात्र त्यामुळे तो गरिबांच्या रांगेत जात नाही. त्याची तक्रार करातून मिळणाऱ्या सेवेबद्दलची आहे आणि ती त्याच नावाने करायला हवी.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच मोठा आहे. ‘वरच्या एक टक्क्यावर कर लावा’ ही घोषणा ऐकायला सोपी वाटते. त्याच अभ्यासात मालमत्तेच्या हिशेबाने वरच्या एक टक्क्याची पायरी माणशी सुमारे ८२ लाखांवर येते. ठाण्यात कर्ज फेडून झालेला दोन बेडरूमचा फ्लॅट ज्याच्या एकट्याच्या नावावर आहे, तो निवृत्त कारकून या एक टक्क्यात सहज बसतो. देशातल्या सुमारे ९२ कोटी प्रौढांपैकी सर्वांत वरच्या दहा हजारांकडे मात्र सरासरी २,२६० कोटी रुपयांची मालमत्ता असल्याचा अंदाज आहे. कारकून आणि हे दहा हजार जण कागदावर एकाच गटात मोडतात. त्या गटाच्या तळाशी असलेल्याला आणि माथ्यावर असलेल्याला एकाच नियमाने मोजायचं ठरवलं, तर तळातला माणूस भरडला जाईल आणि माथ्यावरचा सल्लागार नेमून मोकळा होईल.

‘देशात दोन टक्के लोक कर भरतात आणि बाकीचे खातात’ हे वाक्य तर आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. आयकरापुरतं बोलायचं तर आकडा जवळपास खरा आहे. २०२२-२३ या वर्षासाठी ७ कोटी ४० लाख विवरणपत्रं भरली गेली आणि त्यांतल्या ५ कोटी १६ लाखांचा कर शून्य होता, असं केंद्र सरकारने सांगितलं आहे. पण कर म्हणजे फक्त आयकर नव्हे. २०२४-२५ मध्ये केंद्र आणि राज्यांचं मिळून जीएसटीचं ढोबळ संकलन २२ लाख कोटींच्या वर गेलं. वैयक्तिक आयकर त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी रिक्षावाला भरतो आणि कारखानदारही भरतो. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट बसतो, तोही दोघांना एकाच भावाने. याच मुद्द्यावर समोरची बाजूही कधीकधी हात सैल सोडते. जीएसटीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा खालची निम्मी जनता भरते, असा आकडा ऑक्सफॅम या संस्थेच्या २०२३ च्या टिपणातून बराच फिरला. तो साध्या गणितात बसत नाही. खालच्या निम्म्या लोकांचा एकूण खर्चातला वाटाच निम्म्याहून कमी असणार, आणि त्यांच्या खर्चातलं सुटं धान्य, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. मग करातला वाटा दोन तृतीयांश कुठून येईल? गरीब माणूस कर भरतो हे सिद्ध करायला फुगवलेला आकडा लागत नाही. गरिबाच्या खिशातून काय जातं याचं आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण व्यवसाय कराचं आहे. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने तो लावला. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो माणशी वर्षाला २,५०० रुपयांपलीकडे घेता येत नाही आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. परिणामी महिना १५ हजारांवर काम करणारा गोदामातला माणूस २,५०० भरतो आणि त्याच कंपनीचा प्रमुखही २,५०० च भरतो.

आता आयकराकडे वळू. उत्पन्न वाढेल तसा दर चढतो, म्हणून सर्वांत श्रीमंत माणूस सर्वांत जास्त दराने भरतो, ही समजूत पगारापुरती बरोबर आहे. वर्षाला दहा कोटी पगार घेणाऱ्याला वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर अधिभार आणि उपकर धरून ३९ टक्के पडतात. तेच दहा कोटी कोणी वर्षाहून जास्त काळ बाळगलेले नोंदणीकृत शेअर विकून मिळवले, तर दर साडेबारा टक्के, आणि सगळं धरून १५ च्या आत राहतो. २००४ ते २०१८ या काळात तर बाजारात विकलेल्या अशा शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर करच नव्हता. यावर एक चांगला प्रतिवाद आहे. कंपनीने आधीच नफ्यावर सुमारे २५ टक्के कर भरलेला असतो, मग भागधारकावर पुन्हा तितकाच बोजा कशाला? हिशेब मांडला तर शंभर रुपयांच्या नफ्यातून कंपनी कराचे २५ जातात, उरलेल्या ७५ वर पंधरा टक्क्यांनी आणखी ११ जातात, एकूण ३६. पगारदाराच्या ३९ च्या अगदी जवळ. प्रतिवाद इथपर्यंत मान्य करायलाच हवा. पण ते ११ रुपये शेअर विकल्यावरच द्यायचे असतात, आणि कंपनीचा प्रवर्तक शेअर विकतो कशाला? मालकी हातची जाऊ नये म्हणून तो पिढ्यान्पिढ्या विकत नाही. पैसा हवा तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं आणि कर्ज हे काही उत्पन्न नाही. वारसाला शेअर मिळताना कर नसतो. वारसाने पुढे विकले तर मूळ खरेदीच्या किमतीपासून नफा मोजला जातो, ही आपल्या कायद्यातली चांगली तरतूद आहे, पण तीही ‘विकले तर’ या दोन शब्दांवर उभी आहे. पगारदाराचा कर मात्र पगार खात्यात पडण्याआधीच कापून जातो.

मग मालमत्तेवरच कर का नको, असं विचारलं की ‘तो करून पाहिला, फसला’ असं उत्तर मिळतं. काय करून पाहिलं ते नीट बघू. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीनंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला. वारशावरचा इस्टेट ड्युटी कर त्याआधीच, १९५३ पासून होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता, आणि त्या काळाची भीती आजही या चर्चेवर बसलेली आहे. ती रास्त आहे. इतक्या दराने कर कमी आणि काळा पैसा जास्त निर्माण होतो. १९८५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी इस्टेट ड्युटी काढली, तेव्हा वसुली जेमतेम २० कोटी होती. संपत्ती कराचं मरण अधिक संथ होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेअर, रोखे आणि बँकेतल्या ठेवी त्यातून वगळल्या गेल्या. उरलं काय, तर दागिने, मोटारी, शहरातली मोकळी जागा, दुसरं घर. कोट्यवधींचे शेअर असलेला उद्योगपती सुटला आणि आजीच्या पाटल्या हिशेबात आल्या. २०१३-१४ मध्ये देशभरातून १,००८ कोटी जमले आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो रद्द केला. बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९,००० कोटींची अपेक्षा होती. रेषा पुन्हा उत्पन्नावरच आली. कराचा गाभा काढून घेतल्यावर वसुली कमी झाली, एवढाच पुरावा त्या प्रयोगातून मिळतो.

किंमत ठरवणार कशी, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. शेअरची किंमत रोज छापून येते आणि जागेसाठी मुद्रांक शुल्क घेताना सरकार स्वतःचाच रेडी रेकनर वापरतं. खाजगी कंपन्यांचे शेअर आणि हिरे मात्र खरंच अवघड आहेत. पैसा परदेशी पळेल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. निव्वळ संपत्तीवर वार्षिक कर घेणारे ओईसीडी देश १९९० मध्ये १२ होते, ते २०१७ पर्यंत चारच उरले. फ्रान्सनेही २०१८ मध्ये तो स्थावर मालमत्तेपुरता आवळला. दुबई आपल्याला तीन तासांवर आहे. म्हणून दरवर्षीच्या संपत्ती करापेक्षा वारशावरचा, फार उंच मर्यादेपासून सुरू होणारा कर मला अधिक व्यवहार्य वाटतो. तो पिढीतून एकदाच येतो आणि ज्याला द्यायचा त्याने ती संपत्ती कमावलेली नसते. वर उल्लेखलेल्या अभ्यासकांनीच पुढे दहा कोटींच्या वरच्या मालमत्तेसाठी वार्षिक आणि वारसा असे दोन्ही कर सुचवले आणि त्यांची झळ ०.०४ टक्के प्रौढांनाच लागेल असा अंदाज दिला. ठाण्याचा कारकून त्यात येत नाही.

येतो तो कदाचित पुण्याशेजारच्या हिंजवडी-माणच्या पट्ट्यातला शेतकरी, आणि खरा पेच त्याचाच आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राला कर लावता येत नाही, घटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने जमीनधारणेवर कर सुचवला आणि तो फाईलीतच राहिला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले आहेत. ‘शेतकऱ्यांवर कर लावा’ म्हणणाऱ्यांनी त्यांना यातून आधीच बाजूला ठेवावं. पण महापालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन विकली, तर तो नफा कितीही कोटींचा असो, पूर्ण करमुक्त असतो. मोठ्या शहराभोवती हे अंतर आठ किलोमीटर आहे, आणि गुंतवणूकदार जमीन कुठे घेतात हे नकाशावर पाहिलं तरी कळतं. ज्याच्याकडे दहा एकर आहेत, पीक भाताचं आहे आणि किंमत बिल्डर सांगेल ती, त्या कुटुंबाकडून वारसा कर रोखीने मागणं म्हणजे जमीन विकायला लावणं. त्यावर मार्ग काढता येतो: जमीन कसत असेपर्यंत मागणी पुढे ढकलायची आणि ती विकली की मोबदल्यातून वसूल करायची. मात्र त्यासाठी सातबारा, खरेदीखत आणि आयकराच्या नोंदी एकमेकींशी जुळवाव्या लागतील.