सोव्हिएट कॅमेऱ्याचा कापडी पडदा

जुना कॅमेरा बिघडला म्हणजे दोष बहुधा भिंगाच्या माथीं मारला जातो. चित्रावर पांढरे ठिपके आले, आकाश एका कडेला काळवंडलें, किंवा चित्राचा तिसरा हिस्सा अगदीं काळाच उमटला, तर मालक भिंग पुसतो, फिल्म बदलून पाहतो आणि अखेर कॅमेरा कपाटांत ठेवून देतो. ‘फेड’ आणि ‘झोर्की’ या सोव्हिएट कॅमेऱ्यांच्या बाबतींत खरा अपराधी पुष्कळदां निराळाच असतो. तो भिंगाच्या मागें, फिल्मच्या अगदीं जवळ, अंधारांत गुंडाळून बसलेला असतो. आणि तो कांचेचा किंवा पोलादाचा नसून कापडाचा असतो.

या कॅमेऱ्यांचें कूळ जर्मन आहे. वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यांतील ऑस्कर बार्नाक यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा एक लहानसा कॅमेरा रचला व तो ‘लायका’ या नांवानें १९२५ सालीं बाजारांत आला. १९३२ च्या नमुन्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला. दृश्याच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या कीं अंतर जुळलें असें समजावयाचें. त्याच नमुन्यावरून युक्रेनमधील खारकोव्ह शहरीं १९३४ पासून ‘फेड’ मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागला. तो घडविणाऱ्या हातांत मुलांचे हातहि होते. अनाथ व बेघर मुलांसाठीं तेथें १९२७ सालीं एक वसाहत निघाली होती आणि शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको हे तिचे चालक होते. वसाहतीला नांव मात्र सोव्हिएट गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की यांचें दिलेलें होतें. त्या नांवाचीं तीन आद्याक्षरें म्हणजेच ‘फेड’. पोरक्या मुलांनीं घडविलेल्या नाजुक यंत्रावर गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचें नांव कोरलेलें असावें, हा त्या काळाचाच एक नमुना म्हणावा लागेल. महायुद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यानें त्याच घाटाचा ‘झोर्की’ काढला. झोर्की म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचा. पुढें ‘फेड-२’ व ‘झोर्की-४’ हे सुधारलेले नमुने आले. या घराण्यांतले कॅमेरे लाखांनीं झाले, आणि त्यांतले पुष्कळ आजहि जुन्या बाजारांतून फिरत असतात. स्क्रू काढून उघडतां येणारें व पुन्हां जोडतां येणारें असें हें यंत्र असल्यामुळें त्याची दुरुस्ती शक्य आहे. मात्र आंत काय चाललें आहे तें आधीं नीट समजलें पाहिजे.

फिल्मच्या पुढें एक नव्हे, दोन पडदे असतात. बारीक विणीच्या कापडावर काळ्या रबराचा पातळ लेप देऊन ते केलेले असतात. फिल्मवरील चौकट २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद. तिच्यावरून हे पडदे आडवे धांवतात. कॅमेरा डोळ्याला लावला असतां पहिल्या पडद्याचें कापड डाव्या बाजूच्या रुळावर गुंडाळलें जातें आणि त्याच्या अरुंद फिती उजवीकडील नळकांड्याकडे जातात. दुसऱ्याची मांडणी नेमकी उलट. कापड नळकांड्यावर आणि फिती डावीकडे. डावीकडील दोन्ही रूळ पोकळ असून त्यांच्या पोटांत बारीक स्प्रिंगा आहेत. फिल्म पुढें नेण्याची चावी फिरविली कीं दोन्ही पडदे उजवीकडे ओढले जातात आणि स्प्रिंगांना पीळ बसतो. या वेळीं दोघांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून उजेड आंत शिरत नाहीं. बटण दाबतांच पहिला पडदा सुटतो आणि चौकट उघडी करीत डावीकडे जातो. मग दुसरा सुटतो आणि ती झांकीत त्याच्या मागोमाग जातो.

गति मंद ठेवली असेल तर पहिला पडदा पलीकडे पोंचेपर्यंत दुसरा थांबतो. जलद गतीच्या वेळीं मात्र तो थांबत नाहीं. पहिला थोडासा पुढें सरकला न सरकला तोंच दुसरा निघतो, आणि दोघांच्या मधली एक अरुंद फट फिल्मवरून धांवत जाते. पडदा चौकट ओलांडण्यास एक तीसांश सेकंद घेतो असें धरलें, तर एक पांचशांश सेकंदाच्या चित्रासाठीं ही फट अवघी दोन मिलिमीटरांहून किंचित् रुंद असावी लागते, आणि एक सहस्रांश सेकंदासाठीं एकच मिलिमीटर. पडद्यांचा वेग काळानुसार बदलत नाहीं, फटीची रुंदी बदलते. या यंत्राचें सारें मर्म एवढ्यांत आहे. आतां धांवतांना एक पडदा दुसऱ्यापेक्षां जरा मागें रेंगाळला तर काय होईल तें उघड आहे. पहिला रेंगाळला तर फट वाटेंतच अरुंद होत जाते, प्रसंगीं मिटतेहि, आणि चित्राची एक बाजू काळी राहते. दुसरा रेंगाळला तर फट रुंदावत जाते आणि ती बाजू फिकी पडते.

पडदा रेंगाळतो कां? येथेंच हौशी माणसाची फसगत होते. स्प्रिंग थकली असावी असें त्याला वाटतें. कॅमेऱ्याचें तळाचें झांकण काढलें कीं स्प्रिंगांचा ताण कमीजास्त करणारे दोन स्क्रू डाव्या बाजूला समोरच दिसतात, आणि हात आपोआप तिकडे जातो. एक वेढा दिला कीं चित्र सुधारतें. महिन्याभरानें पुन्हां बिघडतें. मग आणखी एक वेढा. वस्तुतः स्प्रिंग बहुधा ठीकच असते. वयामुळें कापडावरील रबर ताठर झालेलें असतें, आणि ताठर कापड बारीक रुळाभोंवतीं वळायला कुरकुर करतें. थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसा हा उपाय आहे. वाढलेल्या ताणानें पडदा पलीकडे आदळून उसळी घेतो व चित्राच्या कडेला उजळ पट्टा येतो. आणि एके दिवशीं जुनी फीत तुटते. मग दुरुस्ती पूर्वींपेक्षां दुप्पट होते.

ठिपक्यांची गोष्ट वेगळी. लेपाला सूक्ष्म भेगा पडल्या कीं प्रत्येक भेगेंतून उजेड गळतो. याहून मोठें भोंक पडण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे सूर्य. भिंगानें कागद पेटविण्याचा खेळ लहानपणीं ज्यांनीं केला आहे त्यांना तें सांगावयास नको. झांकण न लावतां कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर भिंग सूर्याचें बिंब नेमकें या कापडावर आणून ठेवतें. आरशाच्या कॅमेऱ्यांत मधें आरसा आडवा येतो. येथें कांहींच येत नाहीं.

दोष कोणत्या पडद्यांत आहे तें कॅमेरा न उघडतांहि कळूं शकतें. फिल्म घालून चावी फिरवावी, म्हणजे पहिला पडदा फिल्मसमोर येतो. बटण न दाबतां भिंग उघडें ठेवून कॅमेरा मिनिटभर लख्ख उजेडांत फिरवावा, मग भिंगाला झांकण घालून बटण दाबावें. ही चौकट पहिल्या पडद्याची साक्ष देईल. पुढच्या चौकटीसाठीं झांकण असतांनाच चावी फिरवावी व बटण दाबावें. आतां दुसरा पडदा समोर असतो. झांकण काढून पुन्हां मिनिटभर उजेड द्यावा व झांकण लावूनच फिल्म पुढें न्यावी. ‘फेड-२’ व ‘झोर्की-४’ यांची पाठ निघते, त्यामुळें त्यांत अंधाऱ्या खोलींत बॅटरीचा झोत टाकून हें डोळ्यांनींच पाहतां येतें. जुन्या नमुन्यांत फिल्म तळांतून घालावयाची असल्यानें ती सोय नाहीं.

दोनचार भेगा असून कापड अद्याप मऊ असेल, तर काळा लवचिक रबरी रंग बारीक कुंचल्यानें अगदीं पातळ लावावा, पूर्ण वाळूं द्यावा, आणि मग जरूर तर दुसरा हात द्यावा. जाड थर दिला तर कापड गुंडाळतांना रूळ फुगतो. कापड चुरगळल्यासारखें, कडक किंवा चिकट झालें असेल, तर मात्र रंगाच्या नादीं लागूं नये. तें बदललेलेंच बरें.

बदलण्याचें काम दोन तीन संध्याकाळचें आहे, आणि त्यांतला बराच वेळ वाट पाहण्यांत जातो. भिंगाच्या कड्याखालीं कागदाच्या पातळ चकत्या सांपडतात. त्या कचरा समजून टाकूं नयेत. भिंग व फिल्म यांमधील अंतर कारखान्यांत त्यांनींच साधलेलें असतें, व एकहि हरवली तर चित्र अस्पष्ट येतें. यंत्र बाहेर काढलें कीं प्रथम स्प्रिंगांचा ताण हळूहळू सोडावा आणि किती वेढे सुटले तें मोजून लिहून ठेवावें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतल्या दूरध्वनीला डोळा असतो. तेव्हां प्रत्येक पायरीचें छायाचित्र घ्यावें. कापडाची रबरी बाजू कोणीकडे होती, फीत रुळाच्या वरून जात होती कीं खालून, हें स्मरणावर सोडणें धोक्याचें आहे.

जुनें कापड कितीहि फाटलेलें असलें तरी तें जपावें, कारण नव्याचें माप तेंच. नवें कापड जुन्याइतकेंच पातळ, म्हणजे पाव मिलिमीटराच्या आसपास, व उजेड न गळणारें हवें. छत्रीचें कापड चालेल काय, असें कोणी विचारतात. चालत नाहीं, त्यांतून उजेड येतो. पडद्याच्या कडेला धातूची बारीक पट्टी असते, ती जुनीच उकलून पुन्हां बसवावी. चिकटविण्यासाठीं वाळल्यावरहि लवचिक राहणारें रबरी सोल्यूशन घ्यावें. क्षणांत घट्ट होणारे आधुनिक डिंक वाळून ठिसूळ होतात आणि रुळाच्या पहिल्याच वळणावर तडकतात. शिवाय त्यांत चूक सुधारावयास वेळ मिळत नाहीं, आणि येथें तर वेळच हवा असतो. पडदा रुळाशीं काटकोनांत बसला पाहिजे. वरची फीत खालचीपेक्षां अर्धा मिलिमीटर जरी लांब राहिली, तरी दोन मिलिमीटरांच्या फटींत तो चौथा हिस्सा झाला. तितकाच फरक चित्राच्या वरच्या व खालच्या बाजूंत पडतो. म्हणून प्रथम थोडेसेंच चिकटवून पडदा हातानें सरकवून पाहावा, कडा समांतर आहेत अशी खात्री झाल्यावर मगच पक्का करावा, आणि एक दिवस त्याला हात लावूं नये. कापडाला तेलाचा स्पर्शहि होतां कामा नये. रुळांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढें तेल पुरें.

शेवटीं ताण. लिहून ठेवलेले वेढे हा आरंभाचा अंदाज समजावा. आधींच्या कोणी ते वाढविलेले असण्याचा संभव आहे. नवें मऊ कापड कमी ताणांतहि चांगलें धांवतें. दोन्ही पडदे न अडखळतां पलीकडे पोंचतील इतक्या कमींत कमी ताणापासून सुरुवात करावी आणि एका वेळीं अर्ध्या वेढ्याहून अधिक फिरवूं नये. मग एकरंगी भिंतीचें किंवा निरभ्र आकाशाचें चित्र सर्वांत जलद गतीला घ्यावें. डावी कड, मध्य व उजवी कड सारख्याच छटेच्या आल्या तर दोन्ही पडदे बरोबरीनें धांवत आहेत. एक बाजू काळी आली तर पहिल्याचा ताण किंचित् वाढवावा किंवा दुसऱ्याचा किंचित् उतरवावा. यांपैकीं उतरविण्याचा मार्ग आधीं करून पाहावा.

असा दुरुस्त केलेला कॅमेरा ठेवून देतांना चावी फिरवून ठेवूं नये, म्हणजे स्प्रिंगांना विनाकारण पीळ राहत नाहीं. गतीची तबकडी फिरवावयाची ती चावी फिरविल्यानंतरच. आणि उन्हांत जातांना भिंगावर झांकण असावें.